सात नंबरचं गंध

थायलंडमधल्या खोन केन शहराच्या रिंगरोडला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पी चुआनची, म्हणजे आमच्या चुआनदादाची, फोनची खोली आहे. भिंतीभर फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने उभे केलेले, सतत चार्जिंगला लावलेले खरेखुरे फोन. बँकॉकमधला एखादा ॲप बनवणारा त्याच्या संगणकावरून इथला फोन निवडतो. तो तिकडे क्लिक करतो आणि इकडे फोनवर बटण दाबलं जातं. बाजारातला प्रत्येक फोन विकत घेण्यापेक्षा त्याला हे सोयीचं पडतं. आम्ही त्या फोनना सहसा हात लावत नाही. लावावा लागला, तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

त्या गुरुवारी तशी वेळ आली. थनिदा नावाच्या बाईंची कंपनी रुग्णांना डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून ॲप बनवत होती. आमच्याकडे त्यांची आठवड्याची चाचणी चालली होती. वर्षाचा करार करायचा की नाही, ते त्या संध्याकाळी सांगणार होत्या. त्या कराराच्या भरवशावर पी चुआनने एक अख्खी नवी फळी भरली होती.

जेवताना त्यांचा फोन आला. बुसबाने हातातला चिकट भाताचा घास खाली ठेवला आणि फोन घेतला. खोलीतली तांत्रिक बाजू तीच सांभाळते.

“तुमचा सात नंबर खराब आहे,” थनिदा म्हणाल्या. “ॲपवरून कॉल लावला की पडदा काळा होतो, मग कॉलच तुटतो. बाकी सगळीकडे नीट चालतंय. खराब फोनवर चाचणी करून मला काय मिळणार?”

“फोन खराब असला तर मी तसं सांगेन. नसला तर तेही सांगेन. संध्याकाळपर्यंत थांबा.”

“मी थांबते. आमचं ॲप उद्या बाजारात जातंय, ते थांबणार नाही.”

बुसबाने सात नंबरची केबल बदलली. फोन बंद करून चालू केला, ॲप काढून पुन्हा घातलं. पडदा काळाच. मग तिने शेजारचा आठ नंबर उचलला. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी आणलेले. आठवर कॉल व्यवस्थित चालला. तिने दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि हसली.

“पी चुआन, जरा इकडे या. तुमचा पराक्रम बघा.”

सात नंबरच्या काचेवर, अगदी वरच्या कडेला, पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके वाळून बसले होते.

आदल्या आठवड्यात विहारातले वयोवृद्ध भिक्खू, आमचे लुआंग फो, नव्या फळीला आशीर्वादाचं गंध लावायला आले होते. नवी गाडी असो की नवं दुकान, आम्ही लावून घेतोच. फळीच्या लाकडाला लावून झाल्यावर पी चुआनने हौसेने एक फोनही पुढे केला होता. ते ठिपके तेव्हापासून आमच्या डोळ्यांसमोर होते. त्यांचा कॉलशी काही संबंध असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

“याच्याखाली सेन्सर आहे,” बुसबा म्हणाली. “फोन कानाला लावला की पडदा बंद करणारा. या बिचाऱ्याला वाटतंय, आपण कायम कुणाच्या तरी कानाला आहोत.”

“पुसायचं नाही हं. लुआंग फोंच्या हातचं आहे.”

“मी कुठे पुसतेय?”

“मग तिथे दुसरा फोन ठेव. बदलला म्हणून सांग. मिटलं.”

“पडदा का काळा होतो ते कळलं, पी. कॉल का तुटतो ते कुठे कळलं?”

तिने आठ नंबरवर पुन्हा कॉल लावला आणि त्याच जागी अंगठा ठेवला. पडदा काळा झाला. तो व्हायलाच हवा होता. थोड्या वेळाने कॉल तुटला. तो तुटायला नको होता. मग तिने वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेतले आणि प्रत्येकावर अंगठा ठेवला. सगळीकडे तेच.

तिने थनिदांना फोन केला.

“सात नंबरवर गंध लागलंय, सेन्सर झाकला गेलाय. ती चूक आमची. पण कॉल तोडतंय ते तुमचं ॲप.”

“असं कसं? आमची माणसं दिवसभर कॉल करतात.”

“कसे करतात? स्पीकरवर, फोन टेबलावर ठेवून?”

“हो, टेबलावरच. त्याचं काय?”

“आता तुमच्याच ॲपवरून मला कॉल करा,” बुसबा म्हणाली. “आणि फोन आजीसारखा कानाला लावा.”

कॉल आला.

“हे बघा, मी कानाला लावलाय,” थनिदा म्हणाल्या. “मला अगदी स्वच्छ ऐकू येतंय, तुम्ही उगाच—”

कॉल तुटला.

पी चुआनने बुसबाकडे पाहिलं. तिने राहिलेला भात पुढे ओढला आणि गोळा वळायला घेतला. तिने दोन घास खाल्ले, तेवढ्यात पुन्हा त्यांचा फोन आला, या वेळी ॲपवरून नाही, साधा.

“उद्याचं पुढे ढकलतेय,” थनिदा म्हणाल्या. “आजारी माणूस बोलतोय आणि मध्येच… नको. कराराचे कागद उद्या पाठवते. असा कायम कानाला असलेला फोन आमच्याकडे नाही, म्हणून एक अट आहे.”

ती अट पी चुआनने नंतर मोठ्या अक्षरांत छापून नव्या फळीवर चिकटवली: सात नंबर पुसू नये.

“बघ,” तो बुसबाला म्हणाला, “मी तेच सांगत होतो.”

“तुमचं कारण वेगळं होतं.”

“पण सांगत होतो ना?”