पोटातलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि स्वभावाने संशयी आहे. जन्मतः मी असा नव्हतो. पण कारखान्यातून निघाल्यावर एका नेटवर्क कंपनीने माझ्या पोटात न दिसणारं कुलूप घातलं. तिचं सोडून दुसरं सिमकार्ड मी घ्यायचंच नाही, असा त्याचा अर्थ. विकताना दुकानातल्या माणसाने माझ्या कॅमेऱ्याचं कौतुक केलं, बॅटरीचं केलं. कुलुपाबद्दल मात्र तो मूग गिळून बसला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मला घेतलं एका सुईणबाईंनी. माझी घंटी वाजली की कुठेतरी कळा सुरू झालेल्या असायच्या. बाळंतपण चालू असताना त्या मला बंद करून पिशवीत ठेवत. आजूबाजूच्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. फोन लागत नाही, म्हणजे सुईणबाई कुणाची तरी सुटका करताहेत, जरा थांबायचं. त्या काळात माझा फार मान होता.

पुढे कंपनीने आमच्या भागातला टॉवर काढून टाकला. समोर दुसऱ्या कंपनीचा टॉवर उभा होता, पण तिचं सिमकार्ड मला चालेना, तेव्हा कुठे कुलूप उघडकीला आलं. सुईणबाई दुकानात गेल्या.

"एवढं कुलूप काढून द्या."

"काढतो की मावशी. पण मोबाइल गेले काही महिने आमच्या नेटवर्कवर सलग चालू असायला हवा."

"अहो, नेटवर्क नाही म्हणून तर आलेय."

"नियम आहे. नाहीतर नवा घ्या ना."

नवा घ्या! तो नियम त्यासाठीच केला असणार, असा माझा पक्का संशय आहे.

त्याच आठवड्यात सुईणबाईंच्या भाचीला कळा सुरू झाल्या. तिने फोन लावला, लागला नाही. मावशी दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणात असेल, असं समजून ती वाट बघत राहिली. मावशी तर घरी भाजी निवडत बसली होती आणि मी शेजारी मुका पडलो होतो. शेवटी भाचीचा नवरा धावत बोलवायला आला. सुईणबाईंच्या हातात बाळ आलं ते निळं पडलेलं. पाठ चोळून चोळून त्यांनी त्याला रडवलं. मला रडता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

भाची हिंडू-फिरू लागल्यावर दोघी बाळाला घेऊन दुकानात गेल्या.

"हा मोबाइल कुणाचा?" सुईणबाईंनी विचारलं.

"तुमचाच, मावशी."

"मग कुलूप कुणाला विचारून घातलंत? सांगा सावकाश, मी बसलेय."

बाकीची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "आमच्याही मोबाइलला आहे का हो?" एकाने विचारलं. दुकानातला माणूस घाईघाईने फोनवर कुणाशी तरी बोलला, मला हातात घेऊन त्याने काही आकडे दाबले, आणि कुलूप उघडलं. बाळाची एक जांभईही पुरी झाली नव्हती.

मित्रांनो, आता मी दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड वापरतो आणि तिच्यावरही डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो. तुम्ही मोबाइल घ्याल तेव्हा आधी कुलुपाचं विचारा. उत्तर टाळलं तर दुकान बदला. घरात आमच्यासारखा अडकलेला कुणी असेल, तर त्याला सोडवून घ्यायला लाजू नका. एवढंसंच काम असतं ते. तेवढ्यापायी आमचं बाळ निळं पडलं होतं.