कोसेरेतचे थेंब

देमेकेचने बाटलीचं बूच काढलं आणि कच्च्या खिम्यावर तेलाचे थेंब सोडले. या थेंबांतून तिला एकच गोष्ट मिळवायची होती: आईच्या तोंडून, चारचौघांत, एक बरा शब्द. आजवर दर मेस्केलच्या सणाला आई वोलेते विचारायची, "पाला उकळायला इतकी वर्षं शिकलीस होय गं?" आणि सगळी भावकी पोट धरून हसायची.

सणाचा बैल कापून दोन रात्री उलटल्या होत्या. आता उरलेलं मांस चुलीवर परतायचं, असा गुरागे घरांचा रिवाज. पण वोलेतेचा भाऊ हबते राजधानीहून नेमका आज पोचला. कित्फो म्हणजे मानाचा कच्चा खिमा; उशिरा आलेल्या भावापुढे तो परतून ठेवायचा, म्हणजे 'कशाला आलास' असंच विचारायचं.

"लोण्यात घालतो त्या कोसेरेतच्या पाल्याचंच ना हे तेल? जंतू मारतं ना?" वोलेतेने विचारलं होतं.

"मारतं."

वाक्य तिथे संपत नव्हतं. काचेच्या बशीत मारतं. खिम्यात चरबीच तेल पिऊन बसते आणि जंतू मजेत वाढतात. प्रयोगशाळेत तिने स्वतः पाहिलं होतं. पण आईने "शाबास!" म्हणत पाठीवर थाप मारली, आणि पुढचं वाक्य घशातच राहिलं.

घर माणसांनी भरलं. वोलेतेने कोचोच्या भाकरीच्या तुकड्यात खिमा गुंडाळला आणि घास लेकीच्या तोंडाशी नेला.

"मामा थांबेल. मी हसत होते हिला. पहिला घास हिच्या विद्येला."

हातचा घास इथे वैऱ्याचाही नाकारत नाहीत. देमेकेचचे ओठ उघडेनात.

"अगं, आई आहे ती, सुई टोचणारी नर्स नाही!" हबते म्हणाला. सगळे हसले.

वोलेतेचा हात तसाच राहिला. तिने लेकीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"हिला सकाळपासून मुरडा आहे, मीच विसरले," असं म्हणून तिने तो घास आपल्या तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. "काय तेल काढलंय पोरीने!"

मग तिने भावापुढचं ताट आणि खिम्याचं सगळं भांडंच ओढलं.

"अगं, माझं कुठे नेतेस?"

"राजधानीच्या पावाने पोट नाजूक झालंय तुझं. परतून आणते. कुरकुरू नकोस."

देमेकेच चुलीपाशी तिच्यामागे धावली.

"आई, ओकून टाक. आत्ता."

"भिंतीपलीकडे सगळे बसलेत," वोलेते म्हणाली आणि खिमा तव्यावर टाकला.

हबते दोन ताटं रिचवून धडधाकट परत गेला. देमेकेचला तिचा शब्द मिळाला, तोही चारचौघांत. दोघांचंही वोलेतेने एका घासात चुकतं केलं. आणि दवाखान्याच्या वाटेवर, डोलीत, सोबतच्या बायकांना ती शुद्ध होती तोवर बजावत राहिली, की पोट आपलं सणाच्या आधीपासूनच दुखत होतं.