चुन्याच्या राशी

त्या राशी मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मेंढ्या माझ्या पुढे होत्या आणि कुत्रा मागे. मधल्या माळाच्या तोंडाशी तीन राशी. गुडघ्याएवढ्या, नीट रचलेल्या, आणि प्रत्येकीच्या माथ्यावरचा दगड चुन्याने पांढरा केलेला. मी काठी आडवी धरली. समोर गवत वाऱ्यावर डोलत होतं आणि मी माझ्या मेंढ्या उलट हाकलल्या.

दक्षिण फ्रान्समधल्या आमच्या लार्झाकच्या पठारावर ज्याला हे कळत नाही त्याने मेंढ्या पाळू नयेत, कोंबड्या पाळाव्यात. चुन्याची रास म्हणजे या मोसमाचं गवत माझं, तू पाय टाकू नकोस. वसंतात जो आधी रचेल त्याचं. कुणाला पटत नसेल तर त्याने रचणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं आणि चारचौघांसमोर काठीने रास पाडायची. गुपचूप पाडली तर तो चोर. जूनमधल्या संत जॉनच्या रात्रीचा जाळ एकदा पेटला की तक्रार संपली.

मधला माळ गावाचा. निम्मा आम्ही गाल्तिए चारतो, निम्मा आन्सेल्म आर्नाल. त्याची वाडी तळ्यापलीकडे. लहानपणी चर्चमध्ये त्याने माझ्या पांढऱ्या ओढणीवर पाय दिला होता आणि अजून म्हणतो की चुकून पडला. अशा माणसाशी निम्मं गवत वाटून घ्यायला जिगर लागते. पण माळ सगळाच गेला असता तर माझ्या निम्म्या मेंढ्या बाजारात गेल्या असत्या. ज्या मेंढीला मी हाताने बाटली धरून वाढवलं ती दुसऱ्याच्या गोठ्यात दूध देणार, हे बघायला मी इतकी वर्षं जगले नव्हते.

राशी आन्सेल्मच्याच, दुसरं कोण? पण एक गोष्ट खटकत होती. हा माणूस साधी बादली नवी आणली तरी गावभर वाजवतो. एवढा माळ गिळून गप्प कसा? कुठेतरी पाणी मुरत होतं. आमच्या चुनखडीत तसं सगळंच पाणी मुरतं, पण ते खाली दरीत झरा होऊन निघतं. हे कुठे निघणार ते दिसेना.

मुलगा जेवताना म्हणाला, "आई, जाऊन विचार ना त्याला सरळ."

"काय विचारू? राशी तुझ्या का? म्हणजे माझ्या माळावर काय चाललंय ते मला माहीत नाही असं सांगू त्याला? फिर्मीन, तुझा बाप असता तर हे ऐकून सूप तसंच ठेवून उठला असता."

सून सोलांज पाव कापत राहिली. ती उत्तरेकडची, तिथे मेंढी फक्त ताटात बघतात. चीजला मात्र हात चांगला आहे तिचा, हे मी तिला सांगितलेलं नाही.

मग मी पहारा धरला. विणकाम घेऊन तळ्याकाठच्या दगडी खोपटात बसायचं आणि माळावर डोळा ठेवायचा. राशींजवळच्या खडीत जाड चाकांचे माग दिसले. सायकलचे. आन्सेल्मने आता हेर ठेवले होते तर! त्यातच गोठ्याच्या भिंतींसाठी ठेवलेली चुन्याची बादली अर्धी रिकामी दिसली. फिर्मीनला झापलं. तो शपथेवर म्हणाला की हिवाळ्यापासून हात लावलेला नाही. म्हणजे माझाच चुना चोरून माझाच माळ घेत होता हा मेला.

एका दुपारी दोन सायकलवाले थेट आमच्या अंगणात. एक बाप्या, एक बाई, पोटऱ्यांपर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेले.

"आजी, पाणी मिळेल?"

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. फोन दाखवतो तसं येतो."

"फोन कुणाचा?"

"माझाच."

"म्हणजे तूच तुला पाठवलंस? मला गंडवू नकोस."

ती बाई हसली. तिने फोन माझ्या नाकापुढे धरला. पठारावरून एक लाल रेघ चालली होती. आमच्या तटबंदीच्या गावाच्या वेशीतून निघून, मधल्या माळाला वळसा घालून, सरळ माझ्या दारात. दाराशी चीजचं चित्र. माझं घर कुणीतरी फोनमध्ये घातलं होतं, मला न विचारता! माझ्या मेंढ्या किती, गोठ्याला कुलूप कसलं, सगळं बघायला माणसं पाठवायची ही युक्ती. पाणी दिलं, कारण पाणी नाकारत नाहीत. चीज संपलंय म्हणून सांगितलं. मागे फळीवर ओळीने ठेवलेलं त्यांना दिसत होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर मी वेशीच्या बुरुजाखालच्या बाकावर बसले. दुसऱ्या टोकाला आन्सेल्म येऊन बसला. बेकरीवाली ओर्तान्स आणि दोन म्हातारे भिंतीला टेकून उन्हात उभे होते.

"गवत गोड आहे ना, लेओनी?" आन्सेल्म म्हणाला.

"कुणाला?"

"तुझ्या मेंढ्यांना. सगळा माळ घेतलास. माझ्या बापाने कधी तुमच्या वाट्याकडे मान वळवली नाही. आणि तू बाई असून…"

"बाई असून काय?"

"काही नाही. राशी छान रचल्यास. एवढंच."

त्याच्याही मेंढ्या इतके दिवस माळावर दिसल्या नव्हत्या, आणि मला वाटत होतं, गवत वाढू देतोय लबाड. हा तर त्याच राशी बघून माझ्यासारखाच मागे फिरला होता! दोन घरं उपाशी आणि गवत मधोमध डोलतंय. मग राशी कुणाच्या?

विचार पुरा व्हायच्या आत एक दाढीवाला सायकलवाला बाकापुढे थांबला. "काका, पांढऱ्या राशींवरून वळायचं म्हणतात, त्या कुठे आहेत? वाट दाखवायला ठेवल्यात ना?"

आन्सेल्मची मान कोंबडीसारखी वळली. "वाट दाखवायला? काय म्हणालास?"

दाढीवाल्याने अजून एक शब्द काढला असता तर राशी गवताच्या नाहीत, चाकांच्या आहेत, हे गावाला कळलं असतं. संध्याकाळच्या आत आन्सेल्मने स्वतःच्या रचल्या असत्या. मी उठले आणि काठी फरशीवर आपटली.

"राशी माझ्या आहेत. ओर्तान्स, ऐक. तुम्ही दोघंही ऐका. या मोसमाचं गवत गाल्तिएंचं. आणि तू रे दाढीवाल्या, राशींच्या बाहेरून जायचं. चाक गवतात गेलं तर ही काठी चाकात जाईल."

"हो, बाई," म्हणत तो पळाला.

आन्सेल्म माझ्याकडे बघत राहिला. "सायकलवाल्यांनाही राशी कळायला लागल्या?"

"तुझ्याआधी कळल्या. पटत नसेल तर चल, पाड. काठी आहे ना हातात?"

त्याने काठीकडे पाहिलं. मी श्वास रोखून उभी होते, चेहऱ्यावर मात्र काही नाही.

"आधी तूच रचल्यास," तो म्हणाला. "मी आर्नाल आहे. चोर नाही." आणि टोपी घालून गेला.

घरी आले तर दारावर ठोकलेलं काट्याचं फूल मिटलेलं, म्हणजे पाऊस येणार. सोलांज घाईने दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिच्या बुटांच्या शिवणीत पांढरं काहीतरी होतं. मी बादलीकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"राशी तू रचल्यास."

"हो, आई. सायकलवाले धुक्यात वळण चुकतात. पांढरं लांबून दिसतं. वाट मीच फोनवर टाकली. दारात आले तर चीज घेतील म्हणून."

"चुन्याचा अर्थ माहीत नाही तुला?"

"कसला अर्थ?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. जरा जास्तच सरळ. आमच्या टेबलावर दर नाताळात आन्सेल्मच्या आज्याने रास गुपचूप पाडली आणि कसा मार खाल्ला ही गोष्ट निघते. ती ऐकून ऐकून कुत्र्याला पाठ आहे. मी तिला अर्थ सांगितला, आणि सांगताना तिचे डोळे बघत होते. काही सापडलं नाही. रास माझ्याच घरची निघाली, म्हणजे बाकावर मी खोटं बोलले नव्हते, एवढं नक्की.

संत जॉनचा जाळ पेटेपर्यंत मी दाराशी येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याच्या तोंडात चीज कोंबलं, म्हणजे गावात जाऊन बोलायला ते मोकळं राहू नये. जाळ पेटला. आन्सेल्म पलीकडे उभा होता, त्याने तक्रार काढली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मेंढ्या राशींमधून आत गेल्या आणि माना खाली घातल्या. त्याच्या मेंढ्यांना मी तळ्यावर येऊ दिलं. तळं राशीत येत नाही.

सोलांज परवा कणीक मळता मळता म्हणाली, "आई, चुना संपत आलाय. पुढच्या वसंताला लागेल."

"किती राशींना?"

"तीनच," ती म्हणाली. "आणि बर्फ वितळल्यावर लगेच. उशीर नको."

सायकलवाले मे महिन्याच्या आधी येत नाहीत. मी तिच्या हातांकडे बघत बसले. विचारलं नाही.