पेझारकरांचे पारशी करायचे ठरले तेव्हा

एझ्रा पेझारकरचा कुठे सत्कार असला की मी मागच्या रांगेत बसते. कारण आयोजक हमखास म्हणतो, ‘यांचं मराठी किती अस्खलित आहे बघा,’ आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अस्खलित नसेल तर काय असेल? बाप लालबागच्या गिरणीत मास्तर. आजोबा ज्यूंच्या मोझेस पैगंबराच्या गोष्टीवर मराठीतून कीर्तनं करायचे. गाव अलिबागजवळचं पेझारी. तरी लोक विचारतात, ‘हो, पण मूळचे कुठले?’ एझ्रा शांतपणे सांगतो, ‘मूळचा काळाचौकीचा. मधे दोनेक हजार वर्षं कोकणात होतो.’ सगळे हसतात आणि पुढच्या सत्काराला परत तेच विचारतात.

मी कालिंदी वेलकर, राहणार शिवाजी पार्क. एझ्राच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवायचे. बँडचं नाव ‘शनवार तेली’. एझ्राचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून कोकणात ज्यू लोकांना हे नाव पडलं होतं. काळाचौकीच्या गणेशोत्सव मंडळाने आम्हाला पहिलं स्टेज दिलं. आरती झाल्यावर आम्ही मराठीत रॉक वाजवला, आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, ‘पोरं गुणी आहेत, आवाज तेवढा कमी करा.’ ती पोरं कोणत्या देवाची, हे तिथे कोणी विचारलं नाही.

मग एझ्राने सिनेमा काढला, ‘रथ काळाचौकीला थांबेल’. आपल्याच चाळीतल्या खोलीत, आपल्याच घरावर. मुलगा दिवसभर गिटार बडवतो, म्हणून आई एलियाहू हनाबी या पैगंबराला नवस बोलते: पोराला नोकरी लागू दे, मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची घालून, वर फळं मांडून केलेला नैवेद्य. आईचं काम करणारी नटी आयत्या वेळी आली नाही, म्हणून एझ्राने स्वतःच्या आईला, फ्लोरामावशीला, कॅमेऱ्यासमोर उभं केलं. ती घरी जशी बोलायची तशी बोलली. ‘बाळ्या, हात धू,’ हे तिचं वाक्य दादरच्या थिएटरातून जे बाहेर पडलं, ते आजही लालबागच्या बाजारात एझ्राला ऐकू येतं.

त्यानंतर एझ्राने आणखी दोन विनोदी सिनेमे केले. मग बँड मोडला, लोकांची आवड बदलली, आणि तो जाहिरातींच्या चाली करू लागला. ‘रथ’ची एकुलती एक धड प्रिंट कुणाच्या तरी गोदामात कुजून गेली. म्हणजे ज्या सिनेमावर त्याचं नाव उभं होतं, तो दाखवायलाही त्याच्यापाशी नव्हता. त्यामुळे एका मोठ्या कंपनीला ‘रथ’ नव्याने करायचाय आणि दिग्दर्शन एझ्राकडेच देणार आहेत, असा फोन आला तेव्हा तो माझ्याशी बोलता बोलता रडला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

कंपनीचा माणूस म्हणजे अनिमेष. गिरगावातला, चुणचुणीत. पहिल्याच भेटीत, दादरच्या एका हॉटेलात, तो म्हणाला, ‘सर, स्क्रिप्ट एकदम कडक आहे. फक्त एक चेंज. फॅमिली पारशी करूया.’

‘का?’ मी विचारलं.

‘मॅम, ज्यू म्हटलं की ऑडियन्सला क्लिक नाही होत. हे कोण, कुठून आले, मराठी का बोलतात, हे सगळं समजावत बसायला लागतं. पारशी म्हटलं की लगेच कळतं, कॉमेडी आहे.’

‘पारशांनी काय पाप केलंय?’ मी म्हटलं. ‘त्यांचं घर म्हणजे काय विनोदाचं दुकान आहे?’

एझ्राने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. ‘अनिमेष,’ तो हसत म्हणाला, ‘माझ्या आजोबांना वर समजलं तर ते कीर्तन थांबवतील. बघतो मी.’

बाहेर पडल्यावर मी त्याला फुटपाथवरच झापलं. ‘तुझं घर पुसतायत आणि तू विनोद करतोस?’

‘कालिंदी, घर काय, भिंतीच आहेत,’ तो म्हणाला. ‘सिनेमा होतोय ना? आईच्या डोळ्यांदेखत व्हायला हवा. ती आता किती वर्षं बसणारे?’ त्याचं बरोबर होतं, आणि म्हणून मला राग आणखीच आला.

सह्या करायला अनिमेष काळाचौकीला येणार होता. फ्लोरामावशीने याही कामासाठी नवस बोललेला, त्यामुळे सकाळपासून मलिद्याची तयारी. मी मदतीला गेले. मावशी नारळ खवत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना असेल असं वाटलं. जवळ गेले तर ती म्हणत होती, ‘डिकरा. हात धो नी, डिकरा.’

‘हे काय मावशी?’

‘त्या मुलाने फोन केलेला,’ ती म्हणाली. ‘मला पण एक छोटा रोल देणारेत, पारशी आजीचा. म्हणाला, आजी, बाळ्या नको, डिकरा म्हणा, तेवढं पारशी टोनमध्ये बोला. मला नीट जमत नाय गं. समोरच्या पारशी डॉक्टरांच्या आईला आठवून बोलते. बरोबर वाटतं काय?’

एझ्रा गिटारच्या तारा बदलत बसला होता, तो उठून दारात येऊन उभा राहिला. त्याने ऐकलं होतं.

अनिमेष आला, बसला, बॅगेतून कागद काढले. ‘आजी, प्रॅक्टिस केली का?’ मावशीने पदराला हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि एझ्राकडे बघून ती म्हणाली, ‘हात धो नी, डिकरा.’ मग थांबून, घाबरत, ‘चुकलं काय?’

‘सुपर, आजी,’ अनिमेष म्हणाला. ‘थोडं अजून जाडं करा.’

आता एझ्रा काहीतरी विनोद करणार, म्हणून मी वाट बघत होते. आयुष्यभर त्याने तेच केलं. पण त्याने कागद अनिमेषकडे परत सरकवले. ‘कागद आत ठेव, अनिमेष,’ तो म्हणाला. ‘मला नाही करायचं.’

‘सर, इतकं पर्सनली नका घेऊ. तुम्ही तर स्वतःच स्वतःवर जोक मारता.’

‘मारतो. माझ्या घरावर मीच हसतो. पण हसायला घर तिथे असावं लागतं. ब्याऐंशी वर्षांची बाई स्वतःच्या पोराला हाक मारायला दुसऱ्याची भाषा शिकतेय, माझ्या करिअरसाठी. हे मी शूट करू शकत नाही.’

मावशी भडकली, तीही एझ्रावरच. ‘अरे, मी सकाळपास्नं राबतेय. नवस बोललेय. माझं काय झिजलं असतं एक शब्द बोलून?’ मग तिने डोळे पुसले आणि ताट उचललं. ‘केलाय तो खायचा. देवाचा आहे. बाळ्या, हात धू.’ आणि अनिमेषकडे वळून, ‘तू पण धू.’

कागद बॅगेत कोंबता कोंबता अनिमेष बिचकत मोरीकडे गेला. मला तर त्याला उपाशी पाठवायचं होतं. मावशीने त्याला वाटीभर मलिदा दिला, त्याने खाल्ला आणि विचारलं, ‘आजी, हे कोणासाठी करतात?’ हा माणूस चार महिने ती पटकथा बदलत होता.

‘एलियाहू हनाबीसाठी,’ मावशी म्हणाली. ‘आमच्यात म्हणतात, तो कोकणातल्या, अलिबागजवळच्या खंडाळा गावावरून रथातून सरळ आभाळात गेला. दगडावर चाकाची खूण आहे अजून. मी त्याला रोज सांगते, बाबा, खंडाळ्यापर्यंत येतोस तर काळाचौकी काय लांब आहे? शेअर टॅक्सी मिळते.’

अनिमेष हसला. पोहे नाकात जाईपर्यंत, खांदे हलवत हसला. हे वाक्य मूळच्या ‘रथ’मधलंच; दादरच्या थिएटरात सगळे हसायचे त्याच जागी, त्याच क्षणी. मी ड्रमर आहे, जागा मला कळते. एझ्राने माझ्याकडे पाहिलं.

‘कळलं तुला?’ एझ्राने त्याला विचारलं.

‘म्हणजे काय सर, कळणार नाही का?’ अनिमेष डोळे पुसत म्हणाला. मग त्याचा चेहरा कामाचा झाला. ‘पण सर, ऑडियन्सला नाही कळणार.’

मावशीने त्याच्या वाटीत आणखी एक डाव वाढला.