रविवारची मोजणी

१९८६ साली आमच्या शाळेत टीव्हीला जोडायचा एक संगणक आला. आठवीच्या मुलांना मी त्यावर बुरशीचं गणित शिकवायचं ठरवलं. गावातल्या प्लासिड या शेतकऱ्याच्या वाडीतल्या विड्याच्या पानवेलींवर बुरशीचे काळे ठिपके दिसू लागले होते. मुलांनी दर आठवड्याला ठरलेल्या वेलींवरचे ठिपके मोजायचे आणि वाढीचा वेग काढून पुढचा अंदाज करायचा. रविवारी वाडीत काम बंद, म्हणून मोजणी चर्चमधली मिस्सा झाल्यावर.

चाळीस, सेहेचाळीस, त्रेपन्न. पडद्यावरची रेघ संथ चढत होती.

प्लासिडची मुलगी विनी माझ्याच वर्गात होती. एकदा ती म्हणाली, "सर, शनिवारी बाजाराची पानं खुडताना आई डागाळलेली काढून टाकते."

"घरच्या गोष्टी गणितात नको आणूस. दिसतं तेवढंच मोजायचं," मी म्हणालो. मुलं हसली. तीही हसली.

त्याच आठवड्यात प्लासिड शाळेत आला. बुरशीवर मोरचूद-चुन्याचं पाणी फवारावं, तर पानं धुऊन निघेपर्यंत खुडता येत नाहीत आणि सणाची विक्री बुडते. न फवारावं, तर वेल जाण्याची भीती. संगणक काय म्हणतो, असं त्यानं विचारलं. दिवाळीपर्यंत धोका नाही, मी सांगितलं. त्यानं फवारणी पुढे ढकलली.

तीन आठवड्यांत वेली बुडापासून काळ्या पडल्या. मग मी त्याची बायको मार्गारेट हिला विचारून शनिवारी फेकलेल्या पानांचा हिशेब गणितात घातला. ठिपके दर आठवड्याला दुप्पट होत होते. आम्ही मोजत होतो ते डागाळलेली पानं काढल्यावर उरलेलं.

मी वाडीत गेलो तेव्हा प्लासिड मेलेल्या वेली उपटून बांधावर टाकत होता. चूक माझी, हे मी त्याला सांगितलं. विनीनं वेळेवर सांगितलं होतं, हेही.

तो मुलीकडे वळला. "तू बोललेलीस?"

"सर नको म्हणाले."

"मला तरी सांगायचंस ना, बाय."

प्लासिडनं मला बसायला खुर्ची मागवली आणि पुन्हा कामाला लागला.

त्यानंतर वर्षभर मी दिलेलं प्रत्येक गणित विनीनं बिनचूक सोडवलं. मी विचारल्याशिवाय मात्र ती वर्गात कधी काही बोलली नाही.