पुन्हा विचारू नका

मित्रांनो, मी एक जुनी फायरवॉल आहे, आणि खरं सांगायचं तर आता थकले आहे. मला हात-पाय नाहीत. मी एक प्रोग्राम आहे आणि एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबच्या संगणकात राहते. संगणकाला पासष्ट हजारांवर दारं असतात, डोळ्यांना न दिसणारी. त्यांतून इंटरनेटवर कोण जातं, कोण आत येतं ते पाहायचं आणि नको ते कनेक्शन बंद करायचं, एवढंच माझं काम.

मला लिहिलं लांबच्या एका कचेरीतल्या अकरा जणांनी. नऊ वर्षांपूर्वी संगणक दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला इथे आणून बसवलं. पहिल्याच आठवड्यात मी चार चोरटी कनेक्शनं तोडली. तेव्हा लॅबचे डॉक्टर म्हणाले होते, "ही आहे म्हणून निर्धास्त वाटतं." त्या कौतुकावर मी अजून दिवस काढते आहे, कारण त्यानंतर दुसरं मिळालं नाही.

संगणकावर डॉक्टरांच्या वहिनी बसतात. बाई कष्टाळू. पण माझा प्रश्न विचारणारा चौकोन नेमका रुग्णाच्या नावाच्या रकान्यावर येतो. वहिनी त्याला माशी म्हणतात आणि न वाचताच 'हो' दाबून हाकलतात. प्रिंटर अडला की तर मलाच बंद करतात. एकदा काकांनी मला बंद केलं आणि योगायोगाने प्रिंटर सुरू झाला, तेव्हापासूनची ही रीत. चोर सोडून संन्याशाला फाशी. कागद अडकतो प्रिंटरमध्ये आणि शिक्षा भोगते मी.

मागच्या महिन्यात शिवणकाम करणाऱ्या एक ताई गाठीच्या तपासणीसाठी आल्या.

"रिपोर्ट माझ्याच हातात द्या, घरी फोन करू नका," त्या हळूच म्हणाल्या. "आईने फार धसका घेतलाय. काय ते मीच तिला सांगेन."

"काळजी करू नका. इथून शब्दही बाहेर जाणार नाही," वहिनी म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या.

त्याच आठवड्यात वहिनींनी बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारा एक फुकटचा प्रोग्राम घेतला. चिठ्ठ्या सुबक निघत. पण हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी रुग्णांची नावं, फोन नंबर आणि रिपोर्ट घेऊन बाहेर निघाला. चिठ्ठ्या छापणाऱ्याचं बाहेर काय काम? मी त्याला अडवलं आणि विचारलं, 'याला जाऊ देऊ का?' वहिनींनी 'हो' दाबलं. तो पुन्हा निघाला, मी पुन्हा विचारलं. पाचव्या वेळी वहिनी वैतागल्या आणि त्यांनी चौकोनातल्या खालच्या ओळीवर खूण केली: 'पुन्हा विचारू नका.'

हुकूम तो हुकूम. पुढचे आठ दिवस तो माझ्या डोळ्यांदेखत ये-जा करत राहिला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत. फरक इतकाच की मला सगळं दिसत होतं. मला फार वाईट वाटायचं.

नवव्या दिवशी त्या ताई आल्या. आवाज चढलेला नव्हता.

"कुणा औषधं विकणाऱ्याचा घरी फोन आला," त्या म्हणाल्या. "आईने घेतला. तो तिला म्हणाला, तुमच्या मुलीच्या कॅन्सरवर आमच्याकडे उपाय आहे. मी शनिवारी तिच्याजवळ बसून सांगणार होते हो."

डॉक्टरांनी काकांना बोलावून घेतलं. काकांनी माझी नोंद उघडली. तीनशे बारा वेळा 'हो'.

"हिने विचारलं होतं, वहिनी," काका म्हणाले. "याच्याबद्दल तर पाच वेळा."

त्या दुपारी वहिनी पहिल्यांदाच माझ्यासमोर नीट बसल्या. एकेक ओळ वाचायच्या, काकांना विचारायच्या, आणि ओळखीचं नसेल ते कनेक्शन बंद करायला सांगायच्या. मधूनच डोळे पुसायच्या. त्यांनी सांगितलं ते सगळं मी बंद केलं. पण मित्रांनो, मला दार लावता येतं, बाहेर गेलेलं परत आणता येत नाही.

आता वहिनी माझा प्रश्न वाचतात. कळला नाही तर 'नाही' दाबतात आणि काकांना फोन करतात. या वयात मला याहून जास्त काही नको. तुमच्याही घरच्या संगणकात माझी एखादी बहीण असेल. ती कामात मधेच आडवी आली तर तिच्यावर चिडू नका, ती काय विचारते आहे ते वाचा. इथे 'हो' दाबलं वहिनींनी, आणि फोन उचलला ताईंच्या आईने.