पहिल्या नंबरचा बर्फ

देशात कुठे किती बर्फ पडतो, याचा सरासरी तक्ता हवामान कचेरी दर तीन वर्षांनी छापायची. त्यात खिंडीचं ठाणं कायम पहिलं, खालच्या गावाचं दुसरं. खिंडीत बर्फ मोजायची धाकटी आणि गावात ताई, सख्ख्या बहिणी. दोघींना काम शिकवलं वडिलांनी, आणि म्हातारपणी राहायला गेले ते धाकटीकडे. खरा बर्फ तिकडे ना! तेव्हापासून ताईच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला औषध नव्हतं.

मोजणी सोपी. कचेरीमागच्या पांढऱ्या फळीवर साचलेला बर्फ सकाळ-संध्याकाळ पट्टीने मोजायचा आणि फळी पुसायची. पडून राहिलेला बर्फ स्वतःच्याच वजनाने दबतो, हे ताईला पक्कं ठाऊक. म्हणून तो दबायच्या आत ती दिवसभर तासातासाला मोजून फळी पुसायला लागली आणि संध्याकाळी सगळ्याची बेरीज लिहायला लागली. एकही आकडा मनाचा नाही, असं ती स्वतःला बजावायची. तीन हिवाळे बोटं गारठवून घेतली बाईने, पण हटली नाही.

नवा तक्ता आला. गाव पहिलं! आठवड्याभराने धाकटीचा फोन.

"ताई, अभिनंदन! बाबांनी तक्ता दोनदा वाचला. म्हणाले, पोरीने नाव काढलं."

ताईला स्वर्ग दोन बोटं उरला.

"फक्त एक झालंय. बर्फ उपसायचं यंत्र पहिल्या नंबरला देतात ना, ते तुमच्याकडे हलवलं. आमचा रस्ता चार दिवस बंद आहे. बाबांच्या हृदयाच्या गोळ्या काल संपल्या. पण तू काळजी करू नकोस हं."

ही बया इतकी गोड बोलते, त्याचाच तर राग यायचा! पण आता ताईने खिडकीबाहेर पाहिलं. यंत्र तिच्याच कचेरीसमोर नुसतं उभं होतं. तिने साहेबांना फोन लावला.

"साहेब, माझे आकडे फुगवलेले आहेत. यंत्र खिंडीत पाठवा."

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही..."

"हो, तीन वर्षं. माझ्या नोकरीचं मागाहून बघा. आधी यंत्र!"

दुपारी रस्ता मोकळा झाला, गोळ्या पोहोचल्या. संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

"साहेबांकडून कळलं. फळी तासातासाला पुसलीस?"

"हो."

"कशाला गं?"

"तुम्ही तिच्याकडे राहायला गेलात. माझ्याकडे बर्फ कमी पडतो म्हणून!" ताईला रडू आवरेना.

"अगं वेडे," वडील म्हणाले, "बर्फाचं काय घेऊन बसलीस? तू राहतेस तिसऱ्या मजल्यावर. माझे गुडघे चढू देतात का? धाकटीचं घर बैठं आहे, एवढंच."

ताईने डोळे पुसले. बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, की बर्फ तर बर्फ, बैठं घरसुद्धा धाकटीलाच मिळालं होतं.